कृषी अभियांत्रिकीसाठी कॉलेज निवडताना : मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून बारावी झालेली मुलं, त्यांचे आई-वडील आणि बऱ्याचदा सोबत आलेले मामा-काका दरवर्षी जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. फी, कटऑफ आणि तारखा मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या दरवर्षी बदलतात, म्हणून राज्याची प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या चालू वर्षाच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्या. मागच्या वर्षीच्या पुस्तिकेवर किंवा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यांवर विसंबू नका.

कृषी अभियांत्रिकी म्हणजे बीएस्सी ॲग्रीच ना?

नाही. दोन्ही पदव्या कृषी विद्यापीठाच्या आहेत आणि दोन्ही चार वर्षांच्या आहेत, त्यामुळे घोळ होतो. बीएस्सी (ऑनर्स) कृषीमध्ये पीक, वाण, माती, खत, कीड, रोग, कृषी अर्थशास्त्र हे विषय येतात. बी.टेक. कृषी अभियांत्रिकीत यंत्र, पाणी, ऊर्जा आणि काढणीनंतरची प्रक्रिया शिकवतात.

सोयाबीनचंच उदाहरण घ्या. चक्रीभुंगा आला तर कधी आणि कोणती फवारणी करायची, हे कृषी पदवीधर सांगेल. तेच सोयाबीन रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरायचं असेल तर यंत्राचे फण किती अंतरावर लावायचे, जास्तीचा पाऊस झाला तर सरीतलं पाणी कुठे काढून द्यायचं, पाऊस उघडला तर संरक्षित पाणी किती आणि कशाने द्यायचं, मळणी करताना दाणा फुटू नये म्हणून ड्रमचा वेग किती ठेवायचा, हे काम कृषी अभियंत्याचं.

अभ्यासक्रमाचे पाच मोठे भाग असतात : कृषी यंत्रे व शक्ती, मृद व जल संधारण, सिंचन व निचरा, प्रक्रिया व अन्न अभियांत्रिकी, आणि अपारंपरिक ऊर्जा. त्यांच्या पायाशी इंजिनिअरिंगचं गणित, ड्रॉइंग, सर्वेक्षण, द्रव यांत्रिकी, उष्मागतिकी, वर्कशॉप असं सगळं आहेच. शेतीची आवड आहे पण गणिताशी पटत नाही, अशा मुलाला बीएस्सी कृषीकडे जाऊ द्या. त्यात कमीपणा काही नाही. ओढूनताणून इकडे आणलं तर पहिल्या वर्षातच विषय मागे राहायला लागतात.

पात्रता काय लागते? बारावीला बायोलॉजी असेल तर?

बारावी विज्ञान, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित. सोबत एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट. बायोलॉजी जोडीला असेल तर हरकत नाही, पण गणित सोडलेलं नसावं. अकरावीतच गणित सोडून नीटच्या मागे लागलेली आणि बारावीनंतर इकडे वळू पाहणारी मुलं नेमकी इथे अडतात. अकरावीचा प्रवेश घेताना मनात थोडीही शंका असेल तर गणित ठेवा.

पीसीएम गटाची परीक्षा २०० गुणांची असते आणि त्यातले १०० गुण एकट्या गणिताचे असतात. फिजिक्स-केमिस्ट्री मिळून जेवढं, तेवढं गणित एकटं आहे, हे तयारीचं वेळापत्रक लावताना लक्षात ठेवा. प्रश्न बहुतेक बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात, साधारण वीस टक्के अकरावीवर.

इंजिनिअरिंगचा कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेचा, फॉर्म भरला आहे. त्यातच कृषी अभियांत्रिकी येईल ना?

येत नाही. दरवर्षी कितीतरी चांगल्या मुलांचा प्रवेश केवळ या गैरसमजामुळे हुकतो. सीईटी एकच असली तरी कृषी विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांची केंद्रीय प्रवेशप्रक्रिया वेगळी चालते. तिची नोंदणी वेगळी, कागदपत्रांची तपासणी वेगळी, फेऱ्याही वेगळ्या. तुम्ही इंजिनिअरिंगच्या फेरीत रांगेत उभे असलात तरी कृषीच्या यादीत तुमचं नाव आपोआप येणार नाही. दोन्ही प्रक्रियांत नोंदणी करा. दोन्हींच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर शाईने लिहा.

महाराष्ट्रात हे शिक्षण कुठे कुठे आहे?

राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत : राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ (१९६८), अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (१९६९), दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ (दोन्ही १९७२). चौघांकडे कृषी अभियांत्रिकीचं स्वतःचं, म्हणजे विद्यापीठाच्याच आवारातलं, घटक महाविद्यालय आहे. शिवाय या विद्यापीठांशी संलग्न खासगी महाविद्यालयं आहेत. चौघांचा अभ्यासक्रम बराचसा सारखा आहे, कारण तो भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएआरच्या, अधिष्ठाता समितीच्या शिफारशींवर बेतलेला असतो. फरक पडतो तो जमीन, पाऊस, पीक, शिक्षक आणि यंत्रसामग्री यांत.

मराठवाड्यातल्या मुलाने परभणीच घ्यावं का?

बहुतेकांसाठी हो. सोय आहे म्हणून नव्हे. आपल्याकडचे प्रश्न तिथल्या शेतात समोर दिसतात म्हणून.

काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात तिच्यात पाय रुततो. पाणी मुरायला वेळ लागतो, निचरा होत नाही, आणि वाफसा मोडला की पेरणीचे दोन-तीन दिवस हातचे जातात. अशा जमिनीत कोणतं अवजार कधी चालवायचं, ही तांबड्या किंवा हलक्या जमिनीत शिकलेल्या मुलाला पुन्हा शिकावी लागणारी गोष्ट आहे. परभणीत कोरडवाहू शेतीवर, सिंचनाच्या पाणी व्यवस्थापनावर आणि पशुशक्तीच्या योग्य वापरावर अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पांची केंद्रं आहेत. बैलचलित अवजारांवर तिथे बरंच काम झालंय. ज्याच्या घरी बैलजोडीच आहे आणि ट्रॅक्टर भाड्याने येतो, अशा शेतकऱ्याच्या कामाची ती अवजारं आहेत. जागतिक बँक आणि आयसीएआरच्या साहाय्याने ड्रोन, यंत्रमानव आणि डिजिटल शेतीवरचा एक मोठा प्रकल्पही परभणीला मिळाला होता. त्यातली साधनं पदवीच्या मुलांच्या हाती किती येतात, हे तिथे शिकणाऱ्यांनाच विचारा. चांगला प्रश्न आहे तो.

पाण्याचं म्हणाल तर जायकवाडी, येलदरी, सिद्धेश्वर, माजलगाव, निम्न दुधना, विष्णुपुरी ही सगळी धरणं आणि त्यांचे कालवे मराठवाड्यातच आहेत. कालव्याच्या शेवटाला पाणी का पोहोचत नाही, हा इथला जुना प्रश्न आहे आणि सिंचन अभियांत्रिकीचा तो गाभाच आहे. छत्रपती संभाजीनगरला वाल्मी, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, १९८० पासून आहे. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. ज्या भागात हे घडलं, तिथेच मृद व जल संधारण शिकायचं म्हटल्यावर शिवारातला एकेक पाझर तलाव आणि एकेक नालाबांध अभ्यासाचा होतो.

पण परभणीशिवाय दुसरं काही बघायचंच नाही, असंही करू नका. हिंगोलीच्या मुलाला पूर्णा–अकोला रेल्वेमार्गावरून अकोला सोयीचं पडतं, आणि अकोल्याची ओळख असलेली पीकेव्ही मिनी दाल मिल तर तूर पिकवणाऱ्या आपल्या भागाला अगदी जवळची आहे. प्रक्रिया अभियांत्रिकीत रस असेल तर अकोल्याचा विचार जरूर करा. बीड किंवा संभाजीनगरकडच्या मुलांना राहुरी लांब नाही. तिथे ऊस, ठिबक आणि बागायती शेती जवळून बघायला मिळते. दापोली मात्र पुरतं वेगळं जग आहे : उताराची जमीन, धो-धो पाऊस, भात, आंबा, काजू. वेगळं पाहण्याची हौस असलेल्यांनी जावं. फक्त सुट्टीत घरी येण्याचा प्रवास आधी मोजून बघावा.

विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातल्या उमेदवारांसाठी जागांचा मोठा वाटा असतो, त्यामुळे मराठवाड्यातल्या मुलाला परभणीत संधी जास्त आणि बाहेरच्या विद्यापीठात चुरस जास्त. पसंतीक्रम भरताना हे धरून चाला.

कॉलेज प्रत्यक्ष पाहायला गेल्यावर काय पाहायचं?

आधी एवढं सांगते की पाहायला जाच. फॉर्म मोबाइलवर भरता येतो म्हणून कॉलेजही मोबाइलवरच बघून ठरवलं जातं, आणि फाटक, बाग, इमारत यांचे फोटो सगळ्यांचे चांगलेच येतात. एक दिवस काढा, मुलाला सोबत घ्या, शक्यतो कामाच्या दिवशी जा.

सगळ्यात आधी अवजारांची शेड विचारा. तिथल्या नांगराच्या फाळाकडे बघा. फाळ मातीत घासून चकचकीत झाला असेल तर तो नांगर शेतात जातो. फाळावर कारखान्याचा रंग तसाच असेल आणि वर धूळ बसली असेल, तर मुलं त्याची फक्त आकृती काढतात. ट्रॅक्टरचा तासमीटर चालू आहे का, टायरला माती आहे का, बघा. इंजिनाचं कापून ठेवलेलं मॉडेल सगळीकडे असतं. मुलांनी स्वतः उघडून जोडलेलं एखादं जुनं इंजिन आहे का, ते विचारा.

मग तिसऱ्या वर्षाचा एखादा विद्यार्थी गाठा आणि त्याला एकच गोष्ट विचारा : ‘पेरणी यंत्राचं कॅलिब्रेशन तू स्वतः केलंस का?’ ज्याने केलंय तो थांबत नाही, सांगतच सुटतो. यंत्र जॅकवर उचलायचं, चाक मोकळं फिरेल असं करायचं, पेटीत बी भरायचं, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधायची, चाकावर खडूने खूण करायची आणि वीस फेरे मोजून फिरवायचे. चाकाचा घेर दीड मीटर असेल तर वीस फेऱ्यांत यंत्र तीस मीटर चाललं. ४५ सेंटिमीटरवर चार ओळी म्हणजे रुंदी एक मीटर ऐंशी. झालं ५४ चौरस मीटर क्षेत्र. हेक्टरी ७५ किलो सोयाबीन टाकायचं असेल तर चारही पिशव्यांत मिळून साधारण ४०५ ग्रॅम बी पडायला हवं, म्हणजे एकेका पिशवीत शंभराच्या आसपास. एका पिशवीत ऐंशी आणि दुसरीत सव्वाशे भरलं तर त्या यंत्राने पेरलेल्या शेतात एक ओळ विरळ आणि एक दाट उगवणार. दोन दिवसांनी शेतकऱ्याच्या शेतात जे बी पडणार, त्याचा हिशेब इथे खडू आणि तराजूवर लागतो. हे ज्या मुलाने स्वतः केलं, तो पेरणीच्या हंगामात गावाला उपयोगी पडतो. ज्याने वहीत नुसतं उतरवून घेतलं, तो परीक्षा पास होतो.

सर्वेक्षणाचंही असंच. डम्पी लेव्हल, टोटल स्टेशन ही उपकरणं कपाटात किती आहेत हे मोजू नका. दहा-बारा मुलांच्या गटामागे एक उपकरण येतं की अख्ख्या वर्गामागे एकच, ते विचारा. वर्गामागे एकच असेल तर दोघे वाचन घेतात आणि बाकीचे मोजपट्टी (लेव्हलिंग स्टाफ) धरून उभे राहतात.

ठिबकचा प्रात्यक्षिक प्लॉट चालू आहे का? फिल्टर उघडून दाखवा म्हणा. प्रक्रिया विभागात ड्रायर, दाल मिल, ओलावा मोजण्याचं यंत्र वापरात आहे का? सौर पंप आणि बायोगॅस संयंत्र चालतात का, की फलकावरच आहेत?

शेवटी वसतिगृह, खानावळ आणि पिण्याचं पाणी बघा. मार्च-एप्रिलमध्ये पाण्याचं काय होतं, हे तिथल्या मुलांनाच विचारा. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या वसतिगृहात परीक्षेचे दिवस काढणं सोपं नसतं.

शिक्षकांबद्दल काय विचारावं?

प्रत्येक विभागात पूर्णवेळ शिक्षक किती, त्यांतले त्याच विषयात एम.टेक. किंवा पीएच.डी. झालेले किती, आणि तासिका तत्त्वावरचे किती. सरकारी विद्यापीठांतही पदं रिक्त असतात, हे खरं आहे. म्हणून नाव मोठं आहे एवढ्यावर थांबू नका. एखादा विभाग एका हुशार, कामसू प्राध्यापकामुळे उभा असतो. असा माणूस कोणत्या विभागात आहे, हे वरच्या वर्गातली मुलं दोन मिनिटांत सांगतात.

खासगी महाविद्यालयात प्रवेश घ्यावा का?

सरकारी घटक महाविद्यालयात मिळत असेल तर तेच घ्या. फी कमी, शेत मोठं, संशोधन प्रकल्प आवारातच, आणि पदव्युत्तर मुलांचा सहवास.

तिथे मिळालं नाही तर खासगी संलग्न महाविद्यालय वाईटच असतं असं मुळीच नाही. पदवी त्याच विद्यापीठाची मिळते. आपल्या भागातल्या काही संस्थांनी मनापासून शेतं आणि वर्कशॉप उभी केली आहेत. फक्त तपासणी दुप्पट करा. वर लिहिलेलं सगळं तर पाहाच, शिवाय हे पक्कं करून घ्या : त्या वर्षी संलग्नता चालू आहे का, महाविद्यालयाचं नाव केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या यादीत आहे का, स्वतःची जमीन किती आणि ती कॉलेजपासून किती लांब आहे. फीचं पत्रक लेखी घ्या. वसतिगृह, बस, गणवेश, सहल असं सगळं धरून चार वर्षांचा एकूण आकडा मागा. पहिल्या वर्षाची सवलत दाखवून मूळ कागदपत्रं जमा करून घेणाऱ्या मध्यस्थाच्या हाती काहीही देऊ नका.

खासगी स्वयं-अर्थसहाय्यित विद्यापीठांतही याच नावाची पदवी मिळते. तिथे जाण्याआधी शिष्यवृत्ती लागू होते का आणि पुढच्या स्पर्धा परीक्षेत ती पदवी चालते का, हे कागदावर बघा. तोंडी आश्वासनाला अर्थ नाही.

आयसीएआरचं मानांकन किती महत्त्वाचं?

महत्त्वाचं आहे. कृषी शिक्षणाचं अधिस्वीकृती मंडळ विद्यापीठं आणि त्यांची महाविद्यालयं तपासून श्रेणी देतं. देशपातळीवरच्या पदव्युत्तर प्रवेशात आणि शिष्यवृत्तीत त्याचा संबंध येतो. पण श्रेणी चांगली आहे म्हणून वर्कशॉप न बघता प्रवेश घेऊ नका. आपला मुलगा चार वर्षं काढणार आहे ती त्या शेडमध्ये.

महाराष्ट्राबाहेर जाता येईल का?

येईल. कृषी विद्यापीठांतल्या काही जागा आयसीएआरच्या कोट्यातून देशभरातल्या मुलांना मिळतात आणि त्यासाठी आता सीयूईटी-यूजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. लुधियाना, पंतनगर, उदयपूर, कोईमतूर ही या विषयातली जुनी आणि नावाजलेली ठिकाणं. लातूर-धाराशिवकडच्या मुलांना कर्नाटकातलं रायचूर तुलनेने जवळ आहे, आणि तिथली जमीन-पाऊसही आपल्यासारखाच. आयसीएआरच्या जागेवर दुसऱ्या राज्यात शिकणाऱ्यांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्तीही आहे. आयआयटी खरगपूरला कृषी व अन्न अभियांत्रिकीचा विभाग आहे, तिथे जेईई ॲडव्हान्स्डमधून जाता येतं. ज्या मुलाचा अभ्यास मजबूत आहे त्याने सीयूईटीचा फॉर्म चुकवू नये. मराठवाड्यातून या परीक्षेला बसणारी मुलं फार कमी आहेत, आणि त्याचं कारण हुशारीचं नाही, माहितीचं आहे.

खर्च झेपेल का? कोणत्या योजना आहेत?

झेपतो, पण कागद वेळेवर लागतात. महाडीबीटी पोर्टलवरून प्रवर्गानुसार शिष्यवृत्ती आणि फी माफी मिळते. खुल्या प्रवर्गासाठी आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेत राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. नोंदणीकृत मजूर आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे.

मुलींसाठी तर २०२४-२५ पासून मोठी गोष्ट झाली आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे, आणि त्यात कृषी विभागाचे अभ्यासक्रम येतात. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा खासगी स्वयं-अर्थसहाय्यित विद्यापीठात प्रवेश घेतला तर ही सवलत मिळत नाही. मध्यस्थाच्या नादी लागून कोट्यातून प्रवेश घेतला आणि फुकट होणाऱ्या शिक्षणासाठी घरच्यांनी कर्ज काढलं, असं कुठल्याही घरात होऊ नये.

मुलीला जमेल का? ट्रॅक्टर-बिक्टर चालवावा लागतो म्हणे.

लागतो, आणि मुली उत्तम चालवतात. घरच्यांनी अडवू नये, एवढंच हात जोडून सांगणं आहे. खुरपणी, वेचणी, काढणी ही शेतातली निम्म्याहून जास्त कामं बायाच करतात, आणि त्यांच्या कमरेचा, पाठीचा, हाताच्या भेगांचा विचार करून केलेली अवजारं आजही कमीच आहेत. स्त्रियांच्या उंचीला आणि ताकदीला साजेशी अवजारं हा संशोधनाचा मान्यता पावलेला विषय आहे आणि त्यात मुलींची गरज आहे. कॉलेज निवडताना मुलींचं वसतिगृह आवारातच आहे का, आणि प्रात्यक्षिकाच्या शेतावर स्वच्छतागृह आहे का, हे आवर्जून बघा.

पुढे नोकरी मिळते का?

मिळते, पण पदवी हातात आली की दारात नोकरी उभी, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

सरकारी बाजूला एमपीएससीची कृषी सेवा आहे : मंडळ कृषी अधिकारी, तालुका कृषी अधिकारी, उपसंचालक. मुख्य परीक्षेत कृषी अभियांत्रिकी हा ऐच्छिक विषय राहिलेला आहे. अभ्यासक्रमातल्या बदलांविरोधात या शाखेच्या मुलांना रस्त्यावर यावं लागलं आहे, म्हणून चालू वर्षाची जाहिरात आणि अभ्यासक्रम स्वतः वाचा. जलसंधारण विभागाच्या भरतीतही शैक्षणिक अर्हतेची ओळ न् ओळ तपासा. बँकांमध्ये आयबीपीएस या बँक भरती संस्थेमार्फत कृषी अधिकारी होता येतं. नाबार्ड आहे. गेट या देशपातळीवरच्या परीक्षेत कृषी अभियांत्रिकीचा वेगळा पेपर आहे आणि तिथून एम.टेक.ची वाट उघडते. भोपाळची केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था या क्षेत्रातली देशातली मुख्य संशोधन संस्था. शेती-व्यवसायाच्या व्यवस्थापनात जायचं असेल तर कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन हैदराबादच्या ‘मॅनेज’ या संस्थेतही जाता येतं.

खासगी बाजूला ट्रॅक्टर आणि अवजारांच्या कंपन्या, ठिबक-तुषार, सौर पंप, साखर कारखाने, डाळ आणि तेल गिरण्या, गोदामं. सुरुवातीच्या बऱ्याच नोकऱ्या विक्री आणि सेवेच्या असतात. फिरती असते, टार्गेट असतं, आणि पहिला पगार सॉफ्टवेअरवाल्या मित्रापेक्षा बहुधा कमी असतो. हे आधीच माहीत असलेला मुलगा तग धरतो. कॉलेजचा प्लेसमेंटचा आकडा विचारताना ‘किती जणांना, कोणत्या कंपनीत, कोणत्या कामावर’ असा विचारा. सगळ्यात मोठ्या पगाराचा एकच आकडा फलकावर लावलेला असेल तर त्यावरून काही कळत नाही.

स्वतःचा धंदा करायचा असेल तर?

मराठवाड्यात वाव इथेच सगळ्यात जास्त आहे. वसमतच्या हळदीला उकळणी, वाळवणी, पॉलिशसाठी चांगली आणि कमी इंधन खाणारी यंत्रं हवी आहेत. लातूर भागात तूर-सोयाबीनची प्रक्रिया मोठी आहे. अवजारे बँक (भाड्याने अवजारं देण्याचं केंद्र), ड्रोन फवारणी, ठिबकची आखणी आणि दुरुस्ती, सौर वाळवणी यंत्र, शेततळ्याचं सर्वेक्षण. गावात ट्रॅक्टर भरपूर आहेत. पेरणी यंत्र नीट लावून देणारा माणूस सापडत नाही. असा धंदा डोक्यात असेल तर कॉलेज निवडताना शेवटच्या वर्षातला ‘स्टुडंट रेडी’ हा भाग तिथे कसा घेतात ते विचारा. कारखान्यातलं प्रशिक्षण, प्रत्यक्ष उत्पादन आणि प्रकल्प हे त्यात येतं. काही ठिकाणी मुलं खरोखर माल तयार करून विकतात, काही ठिकाणी फक्त अहवाल बांधून घेतात.

कॉम्प्युटरला नंबर लागला नाही म्हणून हे घ्यावं का?

नुसतं तेवढंच कारण असेल तर नको. पण ‘इंजिनिअरिंगची आवड आहे आणि गावाकडच्या शेतीचे प्रश्नही सुटावेत असं वाटतं’ असं मुलगा स्वतःहून म्हणत असेल, तर ही शाखा त्याच्यासाठीच आहे. आठवडाभर त्याला एखाद्या यंत्र दुरुस्तीच्या गॅरेजवर किंवा ठिबकवाल्याकडे बसवा. तो हात काळे करून खुश असेल तर पुढे विचारायला नको.

नव्या, सहाव्या अधिष्ठाता समितीच्या अभ्यासक्रमात एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. पण ती अडचणीच्या वेळेसाठी. प्रवेश चार वर्षांच्याच हिशेबाने घ्या.

शिक्षण इंग्रजीत असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाचं काय?

पहिलं सत्र जड जातं, दुसऱ्यापासून सवय होते. इथे शिकणारी निम्मी मुलं अशाच शाळांतून आलेली असतात आणि शिक्षक समजावून मराठीतच सांगतात. यासाठी कॉलेज बदलायची गरज नाही.

कोणती कागदपत्रं आधीच काढून ठेवावीत?

अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं, आणि घरी शेती असेल तर सातबारा. शेतकरी कुटुंबातल्या मुलांना गुणवत्ता यादीत अधिभार, म्हणजे जास्तीचे गुण, मिळण्याची तरतूद राहिलेली आहे, त्यासाठी माहितीपुस्तिकेत दिलेल्या नमुन्यातच प्रमाणपत्र लागतं. सातबारा आजोबांच्या नावावर असेल तर नातं दाखवणारा कागद तलाठ्याकडे आधीच विचारून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ जात वैधतेला लागतो. बारावीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज टाका. निकालानंतर धावपळ करून प्रवेश राखीवमधून खुल्यात गेल्याची उदाहरणं दरवर्षी दिसतात आणि फीचा सगळा हिशेब कोलमडतो.

पसंतीक्रम कसा भरावा?

जे हवं ते आधी, जे मिळेल असं वाटतं ते नंतर. ‘मागच्या वर्षी कटऑफ इतका होता, आपल्याला कुठलं मिळतंय’ म्हणून वरची कॉलेजं गाळू नका. वर टाकल्याने खालची संधी जात नाही. मराठवाड्यातल्या मुलाला माझ्या मते असा क्रम बरा : आधी परभणीचं घटक महाविद्यालय, मग आवडीच्या विषयाप्रमाणे अकोला किंवा राहुरी, मग दापोली, त्यानंतर स्वतः जाऊन पाहिलेली आणि पसंत पडलेली खासगी महाविद्यालयं. न पाहिलेलं एकही खासगी कॉलेज यादीत टाकू नका, कारण नेमकं तेच मिळालं तर ऐनवेळी नकार देताना मुलगा आणि घरचे दोघेही अडचणीत येतात. फॉर्म मुलाने स्वतः भरावा, सायबर कॅफेवाल्याने नाही. पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवा, आणि पक्का करण्याआधी छापील प्रत काढून घरातल्या दोघांनी कॉलेजचे सांकेतिक क्रमांक एकेक करून ताडून बघा.